महाबळेश्वरला न शिजलेली डाळ

मी कला शाखेची पदवीधर. दहावीची परीक्षा झाली त्या दिवशी विज्ञानाचं पुस्तक मी शेजारच्या मुलीला देऊन टाकलं आणि पुढची काही वर्षं फार सुखात काढली. मग सरळसेवा भरतीची जाहिरात निघाली आणि अभ्यासक्रमात 'सामान्य विज्ञान' हे दोन शब्द दिसले. लढाया, तह, सनावळ्या मला तोंडपाठ होत्या. पण बेडकाच्या हृदयाला कप्पे किती, हे सरकारला माझ्याकडून कधी जाणून घ्यायचं असेल असं वाटलं नव्हतं.

आमचं गाव महाडपासून एसटीनं वीसेक मिनिटांवर. मी रोज सकाळी डबा घेऊन महाडच्या अभ्यासिकेत जायची. अभ्यासिका बाजारपेठेतल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती. तळमजल्यावर पुस्तकं ठेवायचं धाडस महाडात कोणी करत नाही, कारण पावसाळ्यात सावित्री नदी स्वतः वाचायला येते. तिथं बसून मी आम्लं, आम्लारी, जीवनसत्त्वं, दाब आणि ध्वनी असं सगळं घोकत असे, आणि घोकलेलं घरी येऊन बोलून दाखवत असे. बोलल्याशिवाय माझ्या लक्षात राहत नाही.

याचा त्रास घरच्यांना झाला. आईनं मीठ मागितलं की मी म्हणायची, "सोडियम क्लोराइड."

"त्याचं नाव नाय विचारलं," आई म्हणायची. "आमटीत टाकलंयस का नाय ते सांग."

आमच्याकडे वडिलांची आत्या राहते. तिचे गुडघे दुखतात म्हणून ती वरचेवर सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर जाते. तिला मी जमिनीखालची उष्णता आणि पाण्यातलं गंधक समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "देवाचं पाणी हाय ते. तुझ्या गंधकाला आधी गुडघेदुखी होऊ दे, मग बोल."

एकटे वडील मात्र खूश होते. ते स्वतः सातवीपर्यंत शिकलेले, भातशेती करणारे. पण घरात विज्ञान आलंय याचा त्यांना एवढा अभिमान, की सोसायटीच्या ऑफिसात खतावरून वाद झाला तरी ते म्हणत, "थांबा, आमच्या मुलीला विचारून सांगतो."

अशा वातावरणात माझं स्थळ आलं.

मुलगा पोलादपूरच्या वरच्या अंगाचा, डोंगरावरच्या वाडीतला. घरी म्हशी, थोडी नाचणी-वरी. पदवी झालेली आणि माझ्यासारखाच भरतीचा अभ्यास चाललेला. बघायला तिघं आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. वडील आले नाहीत, कारण म्हशींना कोणाच्या तरी ताब्यात ठेवावं लागतं आणि म्हशी त्यांच्याशिवाय कोणाचं ऐकत नाहीत.

मामांचा थाट वेगळा होता. ते मुंबईत बरीच वर्षं लिफ्टच्या दुरुस्तीच्या कामाला होते आणि आता गावी येऊन जीप चालवत होते. लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाला विज्ञानातलं सगळं कळतं, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. काळा चष्मा त्यांनी घरात आल्यावरही काढला नाही. मुलगा त्यांच्या शेजारी खांदे पाडून बसला होता. मुलाची आई मात्र आल्या आल्या आमच्या गोठ्यात डोकावून आली आणि मग निवांत बसली.

मी पोहे दिले. नाव, शिक्षण वगैरे झालं. मग मामा पुढे सरकले.

"बेटी, तू सायन्स करतेस म्हणे."

"सामान्य विज्ञान," मी म्हटलं.

"सेम थिंग. आता बघ, लोक विचारतात स्वयंपाक येतो का. ओल्ड फॅशन. आपण सायंटिफिक विचारतो. एकच डाळ, एकच टोप. एकदा महाडात शिजवली, एकदा महाबळेश्वरात शिजवली. लवकर कुठं शिजंल?"

मला हसूच आलं. हा प्रश्न दाबाच्या प्रकरणाखाली प्रत्येक गाइडमध्ये असतो. ज्याला हा येत नाही त्यानं परीक्षेची फी भरू नये.

"महाडात," मी म्हटलं.

मामांनी भाच्याकडे पाहिलं, मग माझ्या आईकडे पाहिलं, मग चष्मा काढला. "राँग," ते म्हणाले. "उंचावर हवेचा दाब कमी. दाब कमी म्हंजे पाणी कमी तापमानाला उकळतं. म्हंजे लवकर उकळतं. म्हंजे डाळ लवकर शिजणार. लॉजिक लाव ना, बेटी."

पहिली दोन वाक्यं अगदी बरोबर होती. ती त्यांनी भाच्याच्या गाइडमध्ये वाचली असणार. पुढचं सगळं लिफ्टमधलं होतं.

"मामा, पाणी लवकर उकळतं हे खरं," मी शक्य तेवढ्या नरमाईनं म्हटलं, "पण ते शंभर अंशापर्यंत तापायच्या आधीच उकळायला लागतं. मग कितीही जाळ लावा, ते त्याच्यावर तापत नाही. डाळ उकळ्यांवर शिजत नाही, तापमानावर शिजते. म्हणून वर वेळ जास्त लागतो."

"उकळलं म्हंजे गरम झालं. उकळणारं पाणी कमी गरम, असं कुठं असतं काय?" मामांनी भाच्याच्या पाठीवर थाप मारली. "बोल रे. तू पण तेच शिकतोस ना?"

आम्ही सगळे त्याच्याकडे बघायला लागलो. बरोबर उत्तर त्याला माहीत होतं, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तो पोह्यांतले शेंगदाणे एकेक करून बशीच्या कडेला रचत होता. शेवटी म्हणाला, "तशा दोन्ही बाजू हायत."

त्या क्षणी मी मनातल्या मनात नकार देऊन टाकला. बुटक्या मुलाशी, गरीब मुलाशी, म्हशी असलेल्या मुलाशी लग्न करता येईल. पण हवेच्या दाबाला दोन बाजू असतात म्हणणाऱ्याशी मी जन्म कसा काढणार?

पण वडिलांचा मुद्दा वेगळाच होता. आपल्या मुलीला 'राँग' म्हटलेलं त्यांना झोंबलं होतं. ते म्हणाले, "पावणं, आमच्या मुलीचं चुकत नाय."

"चुकलंय ना पण."

"मग शिजवून बघू."

"अहो, काय बोलताय पावण्यांसमोर?" आई म्हणाली.

"शिजवून बघू," वडील पुन्हा म्हणाले. "एकदा इथं, एकदा महाबळेश्वरात. टोप आमचा, डाळ आमची, जीप तुमची."

मामा जरा गडबडले. इतक्यात मुलाची आई बोलली. तोवर ती एक शब्द बोलली नव्हती.

"जाऊया की," ती म्हणाली. "आमच्या वाडीवरनं रातचे महाबळेश्वरचे दिवे दिसतात. लग्न होऊन आले तेव्हापासून बघत्ये. वर कधी गेले नाय."

लग्न ठरतंय की मोडतंय हे कोणालाच कळलं नाही, पण पुढच्या रविवारी डाळ शिजवायची हे ठरलं.

रविवारी ते सकाळीच आले. जानेवारीचा महिना होता, अंगणात चांगलं ऊन पडलं होतं. नियम मी केले. डाळ एकाच डब्यातली, दोन्हीकडे तेवढीच मापून. टोप तोच, आईचा अॅल्युमिनियमचा, तिच्या माहेरून आलेला. शेगडी तीच, छोट्या सिलिंडरवरची. पाणीसुद्धा आमच्याच विहिरीचं, वर न्यायला कॅनमध्ये भरून घेतलेलं. झाकण नाही, मीठ नाही, हळद नाही, आधी भिजवणं नाही. मामांनी प्रत्येक नियमाला "करेक्ट" म्हटलं. लिफ्टची टेस्टिंगपण अशीच असते म्हणाले.

पंच म्हणून दोन्ही आया बसल्या. मधूनमधून दाणा उचलायचा, बोटांत चेपायचा आणि एकमेकींकडे बघायचं. दोघींनी एकदम मान डोलावली की डाळ शिजली. मामा हातातलं घड्याळ घेऊन उभे. पाऊण तासाच्या आसपास दोघींनी मान डोलावली. तेवढ्या वेळात दोघींच्या म्हशींच्या दुधाच्या, वेताच्या आणि लाथा मारण्याच्या गोष्टी बोलून झाल्या होत्या. आईनं त्या डाळीला फोडणी दिली आणि आत्याच्या जेवणासाठी ती घरीच ठेवली. वर जाऊन आम्ही दुसरी डाळ शिजवणार आणि तीच भाकरीबरोबर खाणार, असा बेत होता.

मामांची जीप पोलादपूरला वळली आणि आंबेनळीच्या घाटाला लागली. आईला गाडी लागते, म्हणून ती पुढे बसली, नाकाशी लिंबू धरून. मामा प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवत आणि मागे वळून मला दाब समजावत. आई दर वेळी म्हणे, "समोर बघा हो, दाब खाली गेल्यावर सांगा." मुलाची आई खिडकीला चिकटून बसली होती. तिच्या मांडीवर दह्याची प्लास्टिकची मोठी बरणी होती. मुलगा सगळ्यात मागे सिलिंडर पायांत धरून बसला होता. त्यानं घाटभर तोंड उघडलं नाही, त्यामुळे माझ्या नकाराला आणखी बळ आलं.

वर पोचलो तर बोचरं वारं सुटलेलं. गावात शिरायच्या आधी रस्त्याकडेला एक बंद टपरी दिसली. तिच्या आडोशाला आम्ही शेगडी मांडली. ती पेटेना. पेटली की विझे. शेवटी वडील आणि तो मुलगा दोन बाजूंनी चादर धरून उभे राहिले. मामांनी हरकत घेतली, "खाली चादर नव्हती."

"खाली वारा पण नव्हता," मी म्हटलं. हरकत फेटाळली.

पाणी उकळायला लागलं तसे मामा टाळ्या वाजवत नाचायचेच बाकी राहिले. "देखा? उकळलं! किती लवकर उकळलं!"

"पाणी काय बघता, डाळ बघा," चादरीमागून वडील म्हणाले.

डाळ टाकली. घड्याळ लागलं. आणि आमची पहिली अडचण एका पांढऱ्या गाडीतून उतरली. पुण्याकडचं एक जोडपं होतं. बंद टपरी, पेटलेली शेगडी आणि भोवती माणसं बघून त्यांचा समज झाला की इथं गरम काहीतरी मिळतं.

"काका, पिठलं-भाकरी आहे का?" त्यातल्या बाईंनी विचारलं.

"नाय, डाळ हाय," वडील म्हणाले. "पण शिजतेय."

"किती वेळ लागेल?"

"त्याच्यावरच वाद चाललाय," वडील म्हणाले.

ती दोघं तिथंच थांबली. त्यांच्या मागे आणखी एक गाडी थांबली. गर्दी दिसली की लोकांना खात्री पटते. थोड्या वेळात सातआठ माणसं हात चोळत उभी, आणि आई प्रत्येकाला सांगतेय की हे हॉटेल नाही, हा मुलीच्या लग्नाचा विषय आहे. त्यावर एका गृहस्थांनी अभिनंदन केलं.

तोवर पाऊण तास उलटून गेला होता. दोन्ही पंचांनी दाणा उचलला, चेपला. आईनं नकारार्थी मान हलवली. मुलाच्या आईनं दाणा दाताखाली घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "खडा हाय अजून."

वडिलांनी चादर सोडून मिशीवर हात फिरवला. शेगडी फडफडली, त्यांनी पुन्हा चादर धरली.

मामांचा चेहरा पडला. पण ते हार मानणारे नव्हते. "खाली उकळलं, इथं पण उकळतंय. सेम उकळतंय. डाळच जून असंल. पाणी कमी गरम हाय, याला प्रूफ काय?" असं म्हणत त्यांनी खिशातून एक लांबट डबी काढली. मी त्या वेळी पुणेकर बाईंना उत्कलनबिंदू सांगत होते, कारण त्यांना खरोखरच रस वाटायला लागला होता. त्यामुळे डबीतून काय निघालं ते माझ्या लक्षात आलं नाही. टच् असा बारीक आवाज झाला तेव्हा मी वळले.

मामांच्या हातात काचेची अर्धी नळी होती. ताप मोजायचा थर्मामीटर. आमच्याकडे कोणालाही फार तर एकशेपाच ताप येतो, तोही फॅरनहाइटमध्ये. त्या बिचाऱ्यानं त्याच्यापुढे मोजायची तयारीच केलेली नसते. उकळत्या डाळीत बुडवल्यावर त्यातला पारा फुगला आणि काच फोडून बाहेर पडला. डाळीत चांदीचे बारीक बारीक गोळे तळाकडे पळताना दिसले.

मुलाची आई तेवढ्यात सवयीनं दाणा उचलायला वाकली होती.

"आये, हात मागं!"

एवढा मोठा आवाज कुठून आला हे मला पहिल्यांदा कळलंच नाही. मुलानं चादर टाकली, एका हातानं आईचं मनगट धरून तिला मागे ओढलं आणि दुसऱ्या हातानं शेगडी बंद केली. "लांब व्हा सगळे! वाऱ्याच्या वरच्या अंगाला या, वाफ घेऊ नका. पारा हाय तो!"

पुण्याची मंडळी पारा ऐकताच गाड्यांकडे पळाली.

"एवढासा तर हाय," मामा म्हणाले. "चमच्यानं काढतो."

"मामा, गप बसा!"

मामांना आजवर असं कोणी बोललं नसावं, कारण त्यांनी चमचा खरंच खाली ठेवला. आणि बोलणाऱ्यालासुद्धा आपण हे काय बोललो याचा धक्का बसला असावा. तो घाबरला आणि तोंडातून आपोआप अभ्यास बाहेर यायला लागला.

"पारा. साध्या तापमानाला द्रवरूप असणारा धातू," तो सावधान उभा राहून म्हणाला. "संज्ञा एचजी. अणुअंक ऐंशी. वाफ विषारी."

"लॅटिन नाव हायड्रार्जिरम," मी म्हणून गेले. राहवलंच नाही.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "धातुक सिनाबार," तो म्हणाला.

आमचं एकमेकांशी झालेलं हे पहिलं बोलणं.

"आता टोपाचं काय?" आई म्हणाली. डाळ गेली, जेवण गेलं, त्याचं तिला काही नव्हतं. "घासून घेतला तर चालंल ना?"

तो माझ्याकडे बघायला लागला. ही बातमी तू सांग, असा भाव होता. मी सांगितलं, पारा अॅल्युमिनियमला खातो, हा टोप आता स्वयंपाकाला चालणार नाही. आईनं पदर तोंडाला लावला. माहेरचा टोप होता. मामांकडे तिनं असं पाहिलं की त्यांनी काळा चष्मा परत घातला.

पोटात कावळे ओरडत होते. टपरीच्या पलीकडे, लांब जाऊन, आम्ही कोरड्या भाकऱ्या सोडल्या. त्याच्यावर मुलाच्या आईनं बरणीतलं घट्ट दही वाढलं. वडील भाकरी मोडत हळूच म्हणाले, "घरी आत्या मजेत फोडणीची डाळ खात असंल." मामा एकटेच जीपच्या टपाला टेकून उभे होते. बहीण त्यांच्यासाठी भाकरी घेऊन गेली.

"खा रे. दही हाय नुसतं. सायन्स नाय त्यात."

दह्यात लॅक्टोबॅसिलस असतात, हे सांगायचा मोह मी मोठ्या कष्टानं आवरला. समोर बघितलं तर त्या मुलानंही ओठ घट्ट मिटून घेतले होते.

बरणी रिकामी झाल्यावर त्यानं हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, गार झालेली डाळ बरणीत ओतली, काचेचे तुकडे, ती अर्धी नळी सगळं आत टाकलं आणि झाकण घट्ट लावलं. टोप वेगळ्या पिशवीत बांधला. मामा म्हणत होते दरीत फेकून द्या. आम्ही दोघं एकदम "नाही" म्हणालो. दरीतलं पाणी शेवटी सावित्रीला मिळतं आणि ते आमच्याच विहिरीशी येतं.

परत फिरायच्या आधी वडिलांनी जीप कड्याच्या बाजूला थांबवायला लावली. मुलाची आई कठड्याशी जाऊन उभी राहिली. खाली डोंगरामागे डोंगर. बराच वेळ तिला काही सापडेना. मग तिनं बोट केलं.

"तो आमचा माळ. ती काय बारीकशी, ती आमची वाडी. केवढीशी दिसते गो." ती माझा हात धरून बोलत होती. "ह्यांना फोन लावून बाहेर उभं करायला पायजे. दिसतील का?"

दिसले नसते. पण तिनं फोन लावला आणि नवऱ्याला अंगणात उभं केलं, आणि इकडून हात हलवला. फोनवरून म्हशींचं ओरडणं ऐकू येत होतं. मला तिथं कुठलीच व्याख्या आठवली नाही.

उतरताना आईला पुढेच बसणं भाग होतं आणि बरणी आडवी होऊ द्यायची नव्हती. त्यामुळे मागच्या बाकावर एका टोकाला मी, एका टोकाला तो, आणि मध्ये दोघांनी एकेका हातानं धरलेली पाऱ्याची डाळ. प्रतापगडाचा फाटा मागे गेल्यावर मी विचारलं, "त्या दिवशी आमच्या घरी का बोलला नाहीत? उत्तर येत होतं ना?"

त्यानं कललेली बरणी सरळ केली. "कॉलेजची तीन वर्षं मामाच्या मुंबईच्या खोलीवर काढली मी. त्यांनी जेवायला घातलं. त्यांच्यासमोर माझं तोंड उघडत नाय."

"मग आज?"

"आज आई दाणा खाणार होती."

घाटाच्या पुढच्या दोनतीन वळणांत माझा नकार हळूहळू सैल व्हायला लागला, हे मला कळत होतं.

महाडात पोचल्यावर बरणी कुठं द्यायची हा प्रश्न होता. माझ्या जुन्या शाळेचे प्रयोगशाळा सहायक शाळेच्या मागेच राहतात. त्यांच्या दारात आम्ही सहा जण एक बरणी घेऊन उभे राहिलो. त्यांनी ती उजेडात धरली.

"ही डाळ आहे."

"हो," मी म्हटलं. "आणि पारा."

"प्रयोगशाळेत आम्ही डाळ घेत नाही."

मग त्यांना पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. ते ऐकताना त्यांची बायको दारात येऊन उभी राहिली आणि तिनं आम्हाला चहा टाकला. शेवटी त्यांनी बरणी ठेवून घेतली, टोपही घेतला, पाऱ्याचं रीतसर काय करायचं ते आपण बघू म्हणाले. बरणीवर त्यांनी कागद चिकटवला आणि त्याच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पारायुक्त तूरडाळ. खाऊ नये.'

निकाल काय, यावर जीपमध्ये चर्चा झालीच. वडिलांच्या मते आम्ही जिंकलो, कारण पंचांनी खडा म्हटलं होतं. मामा म्हणाले, "मध्ये पाऊस आला की मॅच ड्रॉ होते." पण दुसऱ्या आठवड्यात ते एकटेच आमच्याकडे आले आणि आईच्या हातात स्टीलचा कोरा टोप दिला. आईनं तो उलटासुलटा करून पाहिला. "स्टीलला भात खाली लागतो," ती म्हणाली, पण चहा दिला. चहा पिताना मामा माझ्याकडे न बघता पुटपुटले, "पोरगा मला गप बस म्हणाला. लाइफमध्ये पहिल्यांदा. बरं वाटलं मला, खोटं नाय सांगत."

मी होकार दिला तो परीक्षा आधी, लग्न नंतर या बोलीवर. त्यांच्याकडून लगेच हो आलं. म्हशींचे मालक, म्हणजे माझे होणारे सासरे, तेव्हा पहिल्यांदा आले. आमचा गोठा बघून समाधानानं परत गेले. मुलीकडे त्यांनी फारसं पाहिलं नाही.

मग त्याचा पहिला फोन आला. लग्न ठरलेली मुलं-मुली फोनवर काय बोलतात हे मला माहीत नव्हतं, आणि त्यालाही नव्हतं. वाडीवर रेंज एकाच दगडावर उभं राहिलं तर मिळते. तो त्या दगडावर उभा होता आणि मी अंगणात. दोघंही नुसतेच "हॅलो" म्हणून थांबलो. वाऱ्याचा आवाज येत राहिला. शेवटी तो म्हणाला, "जठररसात कुठलं आम्ल असतं?"

"हायड्रोक्लोरिक," मी म्हटलं. मला एकदम मोकळं वाटलं. "शरीरातली सगळ्यात मोठी ग्रंथी?"

"यकृत. मोठ्या माणसाच्या शरीरात हाडं किती?"

"दोनशे सहा. त्यातली चेहऱ्यात चौदा."

"आणि कवटीत?"

"आठ."

आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि वडिलांना हाक मारून म्हणाली, "अहो, ऐकलंत का? लग्न व्हायच्या आधीच ही दोघं एकमेकांची हाडं मोजायला लागली."